तुम्ही वेल्डिंग शिका, माणसाचा अभ्यास आम्ही करतो

ऑक्टोबर २०११ मध्ये फ्लोरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर रिक स्कॉट एका रेडिओ मुलाखतीत म्हणाले की राज्याला आणखी अँथ्रोपॉलॉजिस्ट नकोत. जनतेचा पैसा शिक्षणावर घालायचा तर तो नोकऱ्या देणाऱ्या विषयांवर घालावा, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित. थोड्याच दिवसांत पत्रकारांनी शोधून काढलं की त्यांच्या स्वतःच्या मुलीची पदवी अँथ्रोपॉलॉजीचीच आहे, आणि तीही विल्यम अँड मेरी या व्हर्जिनियातल्या जुन्या, नामवंत कॉलेजातली.

लोकांनी गव्हर्नरसाहेबांची भरपूर टिंगल केली. मला मात्र त्यात कसलीच विसंगती दिसत नाही. जगभर मुकाट्याने पाळला जाणारा एक नियम त्यांनी फक्त मोठ्याने बोलून दाखवला: माणसाचा अभ्यास ही ज्यांना परवडतं त्यांनी करायची गोष्ट आहे, बाकीच्यांनी कामाला लागावं. ब्रिटनचे आजचे राजे चार्ल्स १९६७ साली केंब्रिजला गेले, तेव्हा सुरुवातीला त्यांनी आर्किऑलॉजी आणि अँथ्रोपॉलॉजीच घेतली होती. "हे शिकून पुढे काय करणार?" असा प्रश्न त्यांना कोण विचारणार? त्यांची नोकरी जन्मतःच ठरलेली होती.

हा लेख त्या नियमाच्या विरोधात आहे. माझं म्हणणं साधं आहे. अँथ्रोपॉलॉजी, म्हणजे आपलं मानवशास्त्र, शिकवण्याची सर्वांत योग्य जागा अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं ही आहे. दिवसभर गोदामात खोकी उचलून, म्हाताऱ्यांना आंघोळ घालून, ट्रक चालवून संध्याकाळी सहाच्या वर्गात येणाऱ्या माणसांना तो विषय आधी मिळाला पाहिजे. हार्वर्ड-कोलंबियाचा नंबर त्यांच्यानंतर.

मी हे बाहेरून बोलत नाही. नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ एच-फोर व्हिसावर कॅलिफोर्नियात येऊन पडलेल्या असंख्य मराठी बायकांपैकी मी एक. नोकरी करायची परवानगी नाही, शिकायची आहे. घराजवळ कम्युनिटी कॉलेज होतं. तिथे मी अँथ्रोपॉलॉजीचे तीन कोर्स केले. मराठी मंडळाच्या पॉटलकला हे सांगितलं की दोन प्रश्न हमखास यायचे. "कम्युनिटी कॉलेज? म्हणजे टाइमपास का गं?" आणि "अँथ्रो... म्हणजे ते डायनोसॉरचं ना?" दुसऱ्या प्रश्नावर मी हसून घ्यायचे. पहिल्याचा मात्र मला राग यायचा, आणि अजून येतो.

हे कॉलेज नक्की कसलं?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. मेरिट लिस्ट नाही, कटऑफ नाही, वयाची अट नाही. अमेरिकेतलं असं पहिलं सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर हवीत असं सांगितलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि त्यात वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात.

फीचा हिशेब बघा. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर. तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला पडतो. कमी उत्पन्न असेल तर तेही माफ. अशी ६० युनिटं जमली की असोसिएट पदवी मिळते आणि तिच्या जोरावर विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. याला ट्रान्सफर म्हणतात. शेजारीच दुसरा दरवाजा असतो: वेल्डिंग, रक्त काढायचं प्रशिक्षण, वातानुकूलन दुरुस्ती, नर्सिंग. दोन्ही दरवाजे एकाच आवारात, एकाच पार्किंगमधून.

अँथ्रोपॉलॉजी इथे तीन रूपांत भेटते: संस्कृतीचा अभ्यास, माणसाच्या शरीराचा आणि उत्क्रांतीचा अभ्यास, आणि पुरातत्त्व. विषयाच्या प्रेमाने येणारे थोडेच. जनरल एज्युकेशनची अट पुरी करायची असते आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळ मोकळी असते, म्हणून बहुतेक जण येतात. माझ्या वर्गात वृद्धाश्रमात काम करणाऱ्या दोघी होत्या, सैन्यातून परतलेला एक जण होता, शेतमजुरांची एक मुलगी होती, आणि लेकराला आईकडे सोडून धावत येणारी, कायम दहा मिनिटं उशिरा पोचणारी एक जण होती. कुणालाही अँथ्रोपॉलॉजिस्ट व्हायचं नव्हतं. याच लोकांना तो विषय मिळावा, यासाठी मी भांडते आहे.

थंड करण्याची कला

१९६० साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला: वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना राज्य विद्यापीठं, आणि उरलेल्या सगळ्यांना ही दोन वर्षांची कॉलेजं, जिथून पुढे वर चढता येईल. कुणालाच दार बंद नाही. कागदावर फार सुंदर योजना.

त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. सॅन होजेच्या अशाच एका कॉलेजचा अभ्यास करून त्याने दाखवलं की हे दार उघडं असलं तरी आत गेल्यावर हळूहळू माणसाला थंड केलं जातं. सरळ नकार कुणी देत नाही. समुपदेशक बोलावतो, गुण दाखवतो, "तुझ्यासाठी हे जास्त योग्य राहील" म्हणतो. चार भेटींत डॉक्टर व्हायला आलेली मुलगी सहायक व्हायला तयार होते, वर तो निर्णय आपलाच होता असंही तिला वाटतं. क्लार्कने याला 'कूलिंग आउट' म्हटलं. हा शब्द मूळचा भामट्यांच्या भाषेतला आहे. गिऱ्हाइकाला फसवल्यावर ते बोंब मारू नये म्हणून एक जण मागे थांबून त्याची समजूत काढतो, ते हे काम.

साठ वर्षं उलटली, भाषा बदलली. आता 'पाथवे' म्हणतात. पहिल्याच दिवशी ध्येय ठरवा, त्या ध्येयाला लागतील तेवढेच कोर्स घ्या, इकडेतिकडे भटकू नका. जास्तीच्या कोर्सना 'एक्सेस युनिट्स' म्हणतात. श्रीमंताच्या पोराने महागड्या कॉलेजात चार विषय चाखून पाहिले तर ते 'एक्सप्लोअर करणं', आणि मजुराच्या पोरीने तेच केलं तर ती वाया गेलेली युनिटं.

या बाजूचा एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात, बाई, तुम्ही नवऱ्याच्या पगारावर शिकलात. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईचा एकेक तास मोलाचा असतो. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या बहुतेकांना विद्यापीठाची पदवी हवी असते, पण सहा वर्षांत तिथपर्यंत साधारण सहांतला एकच पोचतो. अशा वेळी तिला नासिरेमा जमातीच्या चालीरीती शिकवणं ही चैन नाही का?

तिचा वेळ मोलाचा आहे, हे शंभर टक्के खरं. म्हणूनच त्या वेळात तिला असं काही मिळालं पाहिजे जे तिला दुसरं कुणी देणार नाही. बेड कसा लावायचा, फॉर्म कसा भरायचा हे हॉस्पिटल तिला शिकवेलच, कारण त्यात हॉस्पिटलचा फायदा आहे. त्या हॉस्पिटलकडेच नीट बघायला तिला कोण शिकवणार? पांढरा कोट कुणाला आणि निळा गणवेश कुणाला, कोण कुणाला नावाने हाक मारतं आणि कोण 'डॉक्टर' म्हणतं, पेशंटला न सांगता त्याच्याबद्दल कुठल्या खोलीत बोललं जातं, हे सगळं ती रोज बघते. त्याला नावं द्यायला तिला कुणी शिकवलेलं नसतं.

एक उदाहरण देते. पॉल फार्मर डॉक्टर होते आणि अँथ्रोपॉलॉजिस्टही होते. हैतीच्या खेड्यात ते क्षयरोगावर काम करत होते. पेशंट औषधाचा कोर्स अर्धवट सोडतात, कारण त्यांचा जादूटोण्यावर विश्वास आहे, असा सगळीकडे समज होता. फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पेशंटांना औषधाबरोबर खाण्यासाठी थोडे पैसे, प्रवासखर्च आणि घरी येऊन चौकशी करणारा माणूस दिला. ते पेशंट बरे झाले. जादूटोण्यावर विश्वास असलेलेही झाले आणि नसलेलेही झाले. आडवी येत होती ती गरिबी, संस्कृती नव्हेच. आता सांगा, "हे लोक असेच असतात, औषधं घेतच नाहीत" हे वाक्य दवाखान्यात सर्वांत जास्त वेळा कुणाच्या कानावर पडतं? तिथल्या मदतनीस बाईच्या. आणि बहुतेकदा ते तिच्याच वस्तीतल्या माणसांबद्दल असतं. फार्मर यांचा अभ्यास तिला माहीत असणं ही चैन असेल, तर मग गरज कशाला म्हणायचं?

फील्ड समोरच्या बाकावर बसलंय

मघाशी नासिरेमांचा उल्लेख आला. होरेस मायनर यांनी १९५६ साली एक छोटा निबंध लिहिला, अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत तो आजही वाचायला देतात. ही जमात शरीराला कुरूप आणि रोगट मानते, प्रत्येक घरात एक देव्हारा असतो, भिंतीतल्या पेटीत मंतरलेली औषधं साठवतात, रोज तोंडात केसांची काडी फिरवायचा विधी करतात. वर्ग नाक मुरडत ऐकतो. मग शिक्षक सांगतात, ते नाव रोमन लिपीत उलटं वाचा. अमेरिकन! देव्हारा म्हणजे बाथरूम, विधी म्हणजे दात घासणं.

उच्चभ्रू विद्यापीठात ही एक गंमत असते. कम्युनिटी कॉलेजात ती वेगळ्याच जागी लागते. अशा तऱ्हेने, लांबून, नाक मुरडत आपल्याबद्दल लिहिलं गेलेलं तिथल्या अर्ध्या वर्गाने आधीच वाचलेलं असतं. शाळेच्या अहवालात, पोलिसांच्या नोंदीत, समाजसेविकेच्या फाइलमध्ये. आपल्याबद्दल वापरला जाणारा हा सूर म्हणजे लिहिण्याची एक तऱ्हा आहे आणि ती कुणावरही उलटवता येते, हे त्यांना त्या दिवशी कळतं.

नातेसंबंधांचा धडा निघाला तेव्हा पुस्तकात 'कोंपाद्राज्गो'वर एक परिच्छेद होता. लॅटिन अमेरिकेत मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता नेमतात आणि त्यातून त्याचं आणि आईबापांचं एक नातं तयार होतं, ते. शेतमजुरांची ती मुलगी म्हणाली, पुस्तकातलं बरोबर आहे पण अर्धं आहे. कुणाला धर्मपिता करायचं हे तिच्या घरात कसं ठरलं, मुकादमाला का विचारलं, आणि त्यानंतर वडिलांना त्याच्याशी मजुरीवरून भांडता का येईना, हे तिने सांगितलं. अख्खा वर्ग गप्प होऊन ऐकत होता. मी फळ्यावर जाऊन आत्या, मावशी, काकू आणि मामी लिहिल्या. इंग्रजीत या चौघींना एकच शब्द. चुलतभावाशी लग्न म्हणजे पाप, पण आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे हक्क. हे का, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर देताना मला इरावती कर्वे वाचाव्या लागल्या. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. 'युगान्त' मराठी घरात असतं, पण बाई मुळात मानवशास्त्रज्ञ होत्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं?

श्रीमंत विद्यापीठातला विद्यार्थी फील्डवर्कला अनुदान घेऊन हजारो मैल जातो. इथे फील्ड समोरच्या बाकावर डबा खात बसलेलं असतं.

'पण हे तर गोऱ्यांचं शास्त्र!'

दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि तो जास्त टोकदार आहे. अँथ्रोपॉलॉजीचा इतिहास काय आहे? वसाहतवाल्यांनी लोकांची डोकी मोजली, जमातींच्या याद्या केल्या, हाडं म्युझियममध्ये नेली. हे शास्त्र गरिबांना, काळ्यांना, मूळनिवासींना कशाला शिकवता?

इतिहास खराच आहे, आणि कॅलिफोर्नियात तर तो अंगावर येतो. १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ याही लोकांपैकी एकटा वाचलेला एक माणूस सापडला. त्याच्या लोकांना वसाहतींनी आधीच संपवलं होतं. आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या म्युझियममध्ये ठेवलं आणि 'इशी' हे नाव दिलं. इशी म्हणजे त्याच्या भाषेत माणूस. तो तिथेच राहायचा, रविवारी प्रेक्षकांना बाण करून दाखवायचा आणि सफाई कामगाराचा मदतनीस म्हणून पगार घ्यायचा. मार्च १९१६ मध्ये क्षयाने तो गेला. त्याचा मेंदू काढून पुढे स्मिथसोनियनला पाठवण्यात आला, आणि तो परत मिळून त्याच्यावर अंत्यसंस्कार व्हायला २००० साल उजाडलं. २०२१ मध्ये बर्कलेने आपल्या इमारतीवरचं क्रोबर यांचं नाव काढलं.

आता त्याच वसंत ऋतूत, देशाच्या दुसऱ्या टोकाला चला. ९ मे १९१६, न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा अँथ्रोपॉलॉजीचा सेमिनार. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आलेला पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी निबंध वाचतो. विषय: भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. गोल्डनवायझर आणि क्रोबर दोघेही फ्रान्झ बोआस यांचे शिष्य, म्हणजे एकाच गुरूचे चेले. इशीला जाऊन सहा-सात आठवडे झाले होते.

त्या निबंधात आंबेडकरांनी सांगितलं की जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न हे आहे, आणि सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही ती कुंपणं टिकवण्याची साधनं आहेत. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी याच शास्त्राची हत्यारं वापरली. इंग्रज अधिकारी रिस्ले नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावत होते. आंबेडकरांनी घुर्ये यांच्या अभ्यासातली नाकाची मापं समोर ठेवून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन वेगळे वंश ठरत नाहीत. मोजपट्टी तीच होती, फक्त या वेळी ती ज्यांना मोजलं गेलं त्यांच्यातल्या एकाच्या हातात होती.

आक्षेपाला माझं उत्तर हेच आहे. हे शास्त्र ज्यांच्यावर वापरलं गेलं, त्यांच्यापासून ते दूर ठेवल्याने शुद्ध होत नाही. ते फक्त जुन्या मालकांकडेच राहतं. बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे १८ हजार स्थलांतरित आणि त्यांची मुलं यांची मापं घेऊन दाखवलं की डोक्याचा आकारसुद्धा एका पिढीत बदलतो, वंशाची म्हणून सांगितली जाणारी लक्षणं पक्की नसतात. तरी १९२४ मध्ये अमेरिकेने वंशाच्या नावाखाली स्थलांतराची दारं लोटलीच. पुरावा होता, पण तो मोजक्या प्राध्यापकांच्या कपाटात होता. ज्या मुलांची डोकी मोजली, त्यांच्यासारख्या लाखोंच्या हातात तो नव्हता. आज त्यांच्यासारखीच मुलं कम्युनिटी कॉलेजात बसतात.

हे काम करतं कोण?

या कौतुकात एक घाण लपवायची नाही. हा विषय कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्यांत अर्धवेळ शिक्षकांची संख्या मोठी आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अर्धवेळ शिक्षकाला एका जिल्ह्यात पूर्णवेळाच्या ६७ टक्क्यांहून जास्त काम देता येत नाही. मग पोट भरायला तो सकाळी एका जिल्ह्यात, दुपारी दुसऱ्यात आणि रात्री तिसऱ्यात शिकवतो. यांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. ऑफिस म्हणजे गाडीची डिकी. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे याला सीएचबी म्हणतात, तासिका तत्त्व. नेट-सेट, पीएचडी होऊनही तासावर पैसे, सुट्टीत पगार नाही.

आणि विद्यार्थी कमी झाले की कुऱ्हाड पहिल्यांदा इथेच पडते. फ्लोरिडात तर कारणही लागलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारी मंडळांनी समाजशास्त्राचा पायाभूत कोर्स जनरल एज्युकेशनच्या मुख्य यादीतूनच काढून टाकला. खासगी कॉलेजांना यातलं काहीच लागू नाही. म्हणजे तीस-चाळीस हजार डॉलर फी भरणाऱ्याने समाजाबद्दल प्रश्न विचारावेत, सरकारी कॉलेजातल्याने विचारू नयेत. रिक स्कॉटांचा नियम आता धोरणात उतरला.

आणि आपल्याकडे

हे सगळं वाचून "अमेरिकेचं अमेरिकेपाशी" म्हणाल, तर थांबा. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव आपणही आणलं. यूजीसीने त्यासाठी योजना केली. पण आपल्याकडे ती कल्पना आली ती मुख्यतः रोजगारकौशल्याच्या पदविका म्हणून. त्या आवारातला एकच दरवाजा आपण उचलून आणला.

मानवशास्त्राचं तर विचारूच नका. पुण्याच्या विद्यापीठात विभाग आहे, नागपुरात अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे. पण नंदुरबार, गडचिरोली किंवा पालघरच्या साध्या कॉलेजात बीएच्या पहिल्या वर्षाला हा विषय सहसा सापडत नाही. तो जोरात चालतो तो यूपीएससीच्या क्लासमध्ये, ऑप्शनल म्हणून, सिलॅबस आटोपशीर आहे म्हणून. उद्याचा कलेक्टर आदिवासींच्या नातेव्यवस्थेवर नोट्स पाठ करतो. ज्या पोरीच्या नातेव्यवस्थेवर त्या नोट्स आहेत, तिला शिवणकामाचा कोर्स.

आणि हा प्रश्न नुसत्या ज्ञानाचा नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला तपासणाऱ्या समित्या 'ॲफिनिटी टेस्ट' घेतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या निकालाने अशा तपासात मानवशास्त्रीय लक्षणं बघायला सांगितलं: देव कोणते, विधी कोणते, लग्न कसं लागतं, प्रेत कसं पुरतात. उत्तरं जुळली नाहीत तर मेडिकलची सीट, नोकरी, सगळं पणाला लागतं. शहरात दोन पिढ्या काढलेल्या घरातल्या पोराने आजोबांचे विधी कुठून सांगायचे? मार्च २०२३ मध्ये याच न्यायालयाला सांगावं लागलं की ही चाचणी म्हणजे लिटमस टेस्ट नव्हे, कारण माणसं गाव सोडतात, शिकतात, बदलतात. संस्कृती बदलते, हा तर अँथ्रोपॉलॉजीच्या पहिल्या आठवड्यातला धडा! आपण हे शास्त्र आदिवासी पोरांची परीक्षा घ्यायला वापरतो. ती परीक्षाच तपासून बघायला त्यांना कधी शिकवणार?

माझी मागणी मोठी नाही. ज्या जिल्ह्यांत ही टेस्ट सर्वांत जास्त पोरांना द्यावी लागते, तिथल्या प्रत्येक कॉलेजात पहिल्या वर्षाला मानवशास्त्राचा एक पेपर हवा. आयटीआयलाही हवा. वेल्डिंग काढून टाका असं मी म्हणत नाही, वेल्डिंगबरोबर हवा. शिकवायला पूर्ण पगारावरचा माणूस हवा, आणि स्थानिक हवा.

तोवर तुमच्या हातात फोन आहे. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या शिक्षकांच्या संघटनेने २०१७ मध्ये 'पर्स्पेक्टिव्ह्ज' नावाचं सांस्कृतिक मानवशास्त्राचं पूर्ण पाठ्यपुस्तक फुकट खुलं केलं, कारण आपल्या विद्यार्थ्यांना महागडी पुस्तकं परवडत नाहीत हे त्यांना दिसत होतं. इंग्रजी सोपं आहे. एच-फोरवर असाल आणि घराजवळ कम्युनिटी कॉलेज असेल तर पुढच्या सेमिस्टरला नाव घाला. आणि कुणी विचारलंच, "हे शिकून काय करणार?", तर आधी त्यांना विचारा की हा प्रश्न त्यांनी आजवर कुणाकुणाला विचारला, आणि कुणाला विचारायचं टाळलं.